पाहुण्याचं नाव घ्यायचं नाही

"माय ग्रँडमदर इज अ नाइस ओल्ड लेडी. शी टेल्स लाइज बट शी कुक्स वेल."

हे वाक्य माझ्या सख्ख्या नातवाने, ओजसने, वय वर्षं आठ, शाळेच्या सुट्टीच्या वहीत लिहिलं होतं. पेन्सिलीने, गोलगोल अक्षरात. खाली माझं चित्रपण होतं, आणि चित्रात मला मिशा होत्या. तो म्हणाला, मिशा नाहीत, चष्मा घसरलाय. बरं, चष्मा तर चष्मा. माझा राग 'लाइज'वर.

आजीला इंग्रजी वाचता येतं, हे कार्टं विसरलं. डोंबिवलीच्या पोस्टात एकतीस वर्षं काढलीत मी. लोकांची पत्रं वाचत नव्हते, पण पत्ते तरी वाचतच होते ना.

"ओजस, हे काय लिहिलंयस रे?"

"हॉलिडे जर्नल. टीचर चेक करणार."

"आजी खोटं बोलते, असं टीचरला सांगणार तू?"

"बट यू डू, आजी." अगदी प्रेमाने म्हणाला. "ममा सेज, आजींच्या गोष्टीवर एटी पर्सेंट डिस्काउंट लावायचा."

ममा म्हणजे माझी सून वीणा. ती आणि माझा मुलगा प्रबोध, दोघंही सिंगापूरला, तांजोंग पगारला बँकेत. त्या जागेच्या नावातच पगार आहे, म्हणून आपली सगळी मराठी मुलं तिथेच नोकरीला लागतात, असं मी डोंबिवलीत सांगते आणि बायका माना डोलावतात. डोंबिवलीत मला कुणी डिस्काउंट लावत नाही.

तर दोन हजार सातचा जून. मुलांना सुट्टी, आई-बापांना नाही, म्हणून मला तीन महिन्यांच्या पासवर त्यांच्या बुकित पंजांगच्या घरी आणून ठेवलेलं. सोमवारी माझं परतीचं विमान होतं आणि हे वाक्य बुधवारी सापडलं. म्हणजे चार-पाच दिवसांत ते खोडून घ्यायचं होतं. माझ्यामागे टीचरने ते वाचायचं, लाल पेनाने 'गुड' लिहायचं, आणि मी तिकडे गॅलरीत भाजी निवडत बसायचं? जमणार नव्हतं.

सगळं भांडण होतं डुकरावरून.

माझी डुकराची गोष्ट अशी. मी सहा वर्षांची. आमच्या गावात, चिपळूणच्या वरच्या अंगाला, शिमग्याच्या सुमाराला पारध निघायची. बाप्ये बंदुका घेऊन मोक्याच्या जागी दबा धरून बसायचे, आणि आम्ही पोरंटोरं हाकाऱ्याला. हाकारा म्हणजे डबडी बडवत, आरडाओरडा करत रान उठवायचं, की जनावर घाबरून बंदुकीच्या दिशेने पळतं. इथे आठ वर्षांच्या पोराला एस्केलेटरवर हात धरून नेतात. आम्हाला डुकरापुढे सोडायचे. तर मी डबडं बडवतेय, एवढ्यात करवंदीच्या जाळीतून रानडुक्कर सुटलं, थेट माझ्या दोन पायांमधून घुसलं, आणि मी त्याच्या पाठीवर! तशीच नदीपर्यंत गेले. पाणी बघून ते थांबलं, मी उतरले, त्याच्या कानात "पळ बाबा आता" म्हटलं, आणि ते पोहत पलीकडे गेलं.

ही गोष्ट ओजस सहा वर्षांचा होता तेव्हा त्याने तेवीस वेळा ऐकली. आठव्या वर्षी त्याला शिंगं फुटली.

"आजी, तुझं तोंड कुठे होतं? डोक्याकडे की शेपटीकडे?"

"डोक्याकडे."

"लास्ट इयर यू सेड शेपटीकडे."

"मध्येच वळले."

"रनिंग पिगवर? हाउ?"

चार वर्षांची ऋग्वेदा, त्याची बहीण, तोंडात अंगठा घालून माझ्याकडे बघत होती. तिला सगळं खरं वाटतं. पण तिला लिहिता येत नाही, त्यामुळे तिचा वहीला उपयोग नव्हता.

त्याच संध्याकाळी लिफ्टपाशी तळमजल्यावरचे अंकल गोह भेटले. म्हातारे एकटेच, दिवसभर खाली बाकावर. हात पसरून मला म्हणाले, "ऑन्टी! बिग पिग! वाइल्ड वन! पार्कच्या मागे, यस्टरडे, सो बिग!" त्यांच्या हातांवरून मी ऐंशी टक्के वजा केले, तरी डुक्कर उरत होतं.

मी वर येऊन ओजसला म्हटलं, "उद्या आपण शिकारीला जायचं."

"हंटिंग इज इल्लीगल, आजी."

"मारायचं नाहीये. फक्त गाठायचं. डोळ्यांनी शिकार."

तो विचारात पडला. मग म्हणाला, "ओके. इफ वी सी पिग, आय विल चेंज द सेंटेन्स."

"खाडाखोड करशील?"

"प्रॉमिस."

झालं. बोली पक्की. पण निघायच्या आधी मी दोघांना समोर बसवून पारधीचा कायदा सांगितला. माझ्या आजोबांचा दंडक होता, आणि हा शंभर टक्के खरा, यातलं काही वजा करू नका. पारधीला निघालं की जनावराचं नाव तोंडातून काढायचं नाही. नाव घेतलं की ते ऐकतं आणि वाट बदलतं. आमच्याकडे त्याला 'पाहुणा' म्हणायचे. पाहुण्याचा माग लागला, पाहुणा उठला, पाहुणा आला.

"कळलं? मेलं तरी नाव घ्यायचं नाही."

"मेलं तरी," ऋग्वेदा म्हणाली.

आता यात एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती, ती आली नाही. वीणाची सुलेखामावशी आणि तिचे यजमान श्रीनिवासराव सिंगापूर-मलेशियाच्या सात दिवसांच्या टूरवर आले होते. टूरवाले ज्या दुपारी मोकळं सोडतील त्या दुपारी ते आमच्याकडे टपकणार होते. ही मावशी म्हणजे कपाटावरून बोट फिरवून धूळ बघणारी बाई. त्यामुळे वीणाने आठवडाभर घरात हुकूम सोडला होता, "पाहुणे आले की मला लगेच फोन करायचा. ऑफिसात असले तरी. मीटिंगमध्ये असले तरी."

गुरुवारी दुपारी चारला आम्ही निघालो. माझं हत्यार म्हणजे मायलो पावडरचा रिकामा डबा आणि भातवाढणी. पर्समध्ये उकडलेलं रताळं, आमिषाला.

एलआरटीने तीन स्टेशनं जायचं होतं. ही गाडी बिनड्रायव्हरची, आणि बिल्डिंगी जवळ आल्या की तिच्या काचा आपोआप धुरकट होतात, प्रवाशांनी लोकांच्या घरात डोकावू नये म्हणून. अशी गाडी डोंबिवलीला सुरू झाली तर बायका तिकीटच काढणार नाहीत. आमच्या समोर एक मुलगी बसली होती, ती माझ्या हातातल्या डब्याकडे आणि भातवाढणीकडे बघत होती. मी तिच्याकडे बघून हसले. ती दुसरीकडे जाऊन बसली.

पार्क म्हणजे एक लांबलचक पायवाट, कडेला कापलेलं गवत, मग कमरेएवढं कुंपण, आणि त्याच्या पलीकडे रान. दाट होतं हं, उगाच नाव ठेवायला जागा नाही. मी एका बाकापाशी मुक्काम ठोकला.

आणि तिथून पुढे माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

पहिलं म्हणजे ऋग्वेदाच्या सँडल. पाऊल टाकलं की पीं. दुसरं टाकलं की पीं. अख्ख्या रानाला आमची वर्दी.

"बाळा, काढ ते पायातलं."

"नो. माती डर्टी."

"मग चालू नकोस."

"पण मला चालायचंय." पीं, पीं, पीं.

म्हटलं, नाहीतरी आवाज होतोच आहे, तर हाकाराच करू. ऋग्वेदाच्या हातात डबा दिला. तिने तो असा बडवला, की माझे आजोबा स्वर्गातून वाकून बघतील. ओजसने मात्र दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"आजी, पीपल आर लुकिंग लाह." हे 'लाह' म्हणजे इथलं आपलं 'ना'.

"बघू देत. तूपण ओरड. होऽऽ हो हो होऽऽ!"

"आय डोन्ट वॉन्ट."

एक धावणारा माणूस थांबला. कानातली बोंडं काढून म्हणाला, "ऑन्टी, एनी प्रॉब्लेम?"

"नो प्रॉब्लेम," मी म्हटलं. "हंटिंग."

तो आधीपेक्षा दुप्पट वेगाने पळाला. शिकारीत हाकाऱ्याने पळालेलं ते पहिलं जनावर.

"बास," ओजस म्हणाला. "आजी, साइलेंटली वेट करू. डिस्कव्हरीवर तसंच करतात."

बरं, तसं. मी डबा काढून घेतला. त्यावर ऋग्वेदाने गळा काढला. तिचं लक्ष वळवायला म्हणून पर्समधलं रताळं काढून कुंपणापलीकडे टाकणार, तर ओजसने माझा हात धरला आणि पाटीकडे बोट दाखवलं. जनावरांना खायला घालू नये, दंड होईल. हा देश असा आहे की आठ वर्षांचं पोरही पोलीस.

"मी घालत नाहीये. माझ्या हातातून पडणार आहे."

"आजी. फाइन."

शेवटी आमिष ऋग्वेदाने खाल्लं. सालासकट. त्यावर बाटलीभर ॲपल ज्यूस प्यायली.

मग आम्ही गप्प बसलो. गप्प म्हणजे काय, तर ओजस दर मिनिटाला घड्याळ बघून "हाउ लाँग?" विचारायचा, आणि ऋग्वेदा दर अर्ध्या मिनिटाला "पाहुणा आला?" विचारायची. मला तीन डास चावले. मुलांच्या कपड्यांवर आईने डास पळवणारे स्टिकर लावले होते, त्यामुळे दोघांच्या वाटचे डास माझ्याकडे वळवलेले. अर्धा तास गेला. कुंपणापलीकडे पान हललं की आम्ही तिघं ताठ व्हायचो आणि निघायची मैना. एकदा मैना, दोनदा मैना, तिसऱ्यांदा खार. मला त्या खारीला भातवाढणी फेकून मारावीशी वाटली.

"आजी," ऋग्वेदा म्हणाली. "शू."

"थांब जरा."

"शू आली."

"इथे झाडामागे..."

"आजी!" ओजस किंचाळला. "फाइन!"

टॉयलेट पार पार्कच्या टोकाला. ओजसला म्हटलं, चल तूपण. तो हलेना. "मी नाही येत. इफ पाहुणा कम्स, हू विल सी?" मुद्दा बिनतोड होता. मी माझा मोबाइल त्याच्या हातात दिला. "बाकावरून उतरायचं नाही. काही झालं तर?"

"ममाला फोन."

"शहाणा."

सिंगापुरात काय होतंय, असा विचार केला मी. चूक माझीच, पुढे वीणाची बोलणी मुकाट ऐकून घेतली ती त्यासाठीच.

चार वर्षांच्या मुलीला टॉयलेटला नेणं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. खांद्यावरच्या पट्ट्यांची चड्डी, तिची बटणं, मग "आजी, सीट वेट आहे", मग "बघू नको", मग "कुठे गेलीस?", मग साबण, मग आणखी साबण, मग हात वाळवायच्या मशीनची भीती, मग तीच मशीन परत एकदा. पंधरा मिनिटं. परत येताना पीं पीं पीं. मी तिला उचलून घेतलं आणि माझी कंबर धरली.

ओजस बाकावर उभा होता. बसलेला नाही, उभा. चेहरा पांढराफटक.

"आजी," तो कुजबुजला. "पाहुणा आला होता."

"काय?"

"आत्ता. देअर. फेन्सच्या खालून तोंड काढलं."

"केवढा?"

"बेंचएवढा. नो, बिगर. आणि लाँग नाक. त्याने माती अशी अशी केली. आणि बेबीज होती, सिक्स. स्ट्राइप्सवाली."

"पट्टे?"

"येस. ब्राउन अँड यलो. लाइनसारखे."

आता तुम्हीच सांगा. मी अर्धा तास डास खात बसले, हाकारा केला, कंबर मोडली, आणि नेमकं मी नसताना हे सगळं झालं? वर पट्टे? मला असा संताप आला, की तोंडातून निघून गेलं, "डुकराला पट्टे असतात का रे? झेब्रा आला होता का? थापा मारतोस!"

रडला असता तरी चाललं असतं. तो हळूच बाकावर बसला आणि त्याने बुटाची सुटलेली लेस बांधायला घेतली. बांधलेलीच होती ती.

मी तशीच तणतणत कुंपणापाशी गेले. आणि बघते तर खालची माती उकरलेली. पावलापावलावर खड्डे, ओली काळी माती वर आलेली, आणि त्यात दोन बोटांचा खूर उमटलेला. एक मोठा. त्याच्या आजूबाजूला अंगठ्याएवढे, कितीतरी.

तिथे उभ्या उभ्या मला माझा दादा आठवला. निशिकांतदादा. त्या पारधीच्या दिवशी तो दहा वर्षांचा. घरी येऊन मागच्या पडवीत मला म्हणाला होता, "पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं होती गं, खारीसारखी." मी म्हटलं होतं, "थापाड्या." साठ वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, की आमचा दादा एवढा हुशार, पण तेवढी एक थाप मारली होती त्याने. दादा जाऊन तीन वर्षं झाली.

मी परत बाकापाशी आले. "ओजस, तू खरं बोलतोयस. मी माग बघितला."

"यू सेड थाप."

"चुकलं माझं."

त्याने मान वर केली नाही. तेवढ्यात मला एक वेगळीच शंका आली.

"काय रे, तू ममाला फोन केलास?"

"यू टोल्ड मी. काही झालं तर ममाला फोन."

"काय सांगितलंस?"

"पाहुणा आला."

"मग?"

"ममाने विचारलं, कोण, मावशी? मी म्हटलं, आय कॅनॉट से द नेम."

"देवा!"

"मग ममा म्हणाली, दोघंच आलेत ना? मी म्हटलं, नो, विथ सिक्स चिल्ड्रन."

"आणि ममा?"

"ममा सेड ओ माय गॉड आणि फोन ठेवला."

फोन त्याच्या हातातच वाजला. मी घेतला. वीणा धापा टाकत होती. "आई, मी टॅक्सीत आहे, घरचा फोन कुणी उचलत नाही! पाहुणे कुठेत?"

"गेले," मी म्हटलं.

"गेले? कुठे?"

"जंगलात."

ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "आई, तुम्ही आहात तिथेच थांबा."

पार्कचं नाव विचारून घेतलं आणि अर्ध्या तासात आली. ऑफिसच्या कपड्यात, हातात केकचा मोठा खोका. आठ माणसांना पुरेल एवढा. मी सगळं सांगितलं, म्हणजे सांगायचा प्रयत्न केला. ती मध्येच म्हणाली, "एक मिनिट. मी क्लायंटसमोरून उठून आले. डुकरासाठी?"

"ममा! नाव!" ऋग्वेदा ओरडली.

"तू गप्प बस. आई, तुम्हाला मी काय बोलू? लहान मुलांना घेऊन कुणी डुकराच्या मागे जातं का? चावलं असतं तर? पिल्लंवाली डुकरीण होती ती!"

"म्हणजे तुला पटतंय, की ती होती?"

"प्रश्न तो नाहीये!"

मला मात्र तोच प्रश्न होता. ओजस खाली मान घालून उभा होता. म्हटलं, आता या पोराच्या बाजूने उभं राहायचं. मी ठासून सांगितलं, "होती तर! मीपण पाहिली. बाकाएवढी? अगं, तुमच्या त्या डबल डेकर बसएवढी!"

"नो," ओजस म्हणाला. "आजीने नाही पाहिली. शी वॉज इन द टॉयलेट."

वीणाने सावकाश माझ्याकडे बघितलं. "म्हणजे तो इथे एकटा होता?"

पुढची पाच मिनिटं मी लिहीत नाही. तिचं बरोबर होतं, आणि समोरच्याचं बरोबर असलं की ऐकून घ्यायला फार त्रास होतो. शेवटी ती म्हणाली, "आई, सोमवारपर्यंत तुम्ही प्लीज फक्त स्वयंपाक करा." मला त्या वहीतलं वाक्यच आठवलं. बट शी कुक्स वेल.

परतीच्या गाडीत वीणा ऋग्वेदाला मांडीवर घेऊन लांब बसली आणि फोनवर मावशीशी बोलत होती. मावशी त्या वेळी सेंतोसा बेटावर कसल्याशा रांगेत होती, तिला काही पत्ता नव्हता. ओजस माझ्या शेजारी बसला. केकचा खोका माझ्या मांडीवर.

बिल्डिंगी जवळ आल्या, काचा धुरकट झाल्या. बाहेरचं काही दिसेना.

"आजी," तो म्हणाला. "तुझा पाहुणा. वॉज इट रियली दॅट बिग?"

एरवी मी उत्तर द्यायला अर्धा श्वासपण घेत नाही. पण त्याने आत्ताच सगळ्यांसमोर खरं सांगितलं होतं, माझं खोटं त्याच्या फायद्याचं होतं तरी.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"व्हॉट डू यू मीन?"

"मी बघितलाच नाही. मला शू लागली होती. आत्या मला झाडामागे घेऊन गेली. परत आले तर सगळं झालेलं. दादाने पाहिलं. पिल्लंसुद्धा. पट्ट्यांची."

"सो पाठीवर बसून रिव्हरपर्यंत..."

"मी जिथे बसले होते तिथून नदी दिसत होती, एवढं खरं."

तो धुरकट काचेकडे वळला. मला वाटलं, आता वीस टक्केपण गेले. गाडी वळली, काचा एकदम स्वच्छ झाल्या, आणि तो म्हणाला, "युवर दादा वॉज नॉट लायिंग."

"नाही रे. मीच त्याला थापाड्या म्हटलं."

"तू मलापण म्हटलं."

"हो."

"टू टाइम्स सेम मिस्टेक, आजी."

हा पोरगा मोठा होऊन ऑडिटर होणार. आईवर गेलाय.

घरी प्रबोध आला तोवर साडेसात झाले होते. सगळे टेबलाशी केक खात होते, आठ माणसांचा केक पाच जणांत. त्याने विचारलं, काय झालं? वीणा म्हणाली, मला विचारू नकोस, तुझ्या आईला विचार. मी म्हटलं, मला बोलायची बंदी आहे.

तेव्हा ऋग्वेदा खुर्चीवर उभी राहिली. तोंडाला क्रीम, हातात चमचा.

"बाबा, पाहुणा आला. एऽवढा. रेड होता. मी डबा वाजवला, धाड धाड धाड. मग तो माझ्याकडे आला. मग मी त्याच्यावर बसले."

"तू?" प्रबोध म्हणाला.

"येस. एलआरटीपर्यंत गेले. मग मी त्याला म्हटलं, पळ बाबा आता."

प्रबोध हसून माझ्याकडे बघायला लागला. वीणाने कपाळावर हात मारला. मी ओजसकडे बघितलं. तो आता सांगणार होता, की ही टॉयलेटमध्ये होती. त्याने तोंड उघडलंदेखील. मग मिटलं. जर्नलची वही ओढली, पेन्सिल घेतली, आणि लिहायला लागला.

माझ्या जिवात जीव आला. शेवटी लेकराने शब्द पाळला. पाहुणा आला होता, बोली होती, खाडाखोड होणार. मी खोडरबर शोधून त्याच्या हाताशी सरकवलं.

त्याने ते बाजूला सारलं.

तो झोपायला गेल्यावर मी वही उघडली. खाडाखोड नाहीच केली मेल्याने. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणे, पिग त्याने पाहिला, मी कुठे पाहिला, म्हणजे बोली लागू नाही. ते वाक्य होतं तसंच होतं, मिशांसकट. फक्त त्याच्याखाली, तशाच गोलगोल अक्षरात, आणखी एक वाक्य होतं.

"माय सिस्टर ऑल्सो. बट शी कॅनॉट कुक."